एकविसावा आठवडा, बाळाच्या पाठीच्या कण्यात फट. ठरवायचं कुणी आणि कशावरून?

रानजाई | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. लेक झोपली आहे, नवरा सेकंड शिफ्टला आहे, आणि आज कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

मी ३३ वर्षांची. सिन्नरला राहते, खाजगी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. मोठी मुलगी पाच वर्षांची. आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत, आज वीस आठवडे पाच दिवस झाले. शनिवारी नाशिकला ॲनोमली स्कॅन होतं, म्हणजे बाळात काही दोष आहे का ते बघायची सोनोग्राफी. थोरलीच्या वेळी डॉक्टर गप्पा मारत मारत बाळाचे हात-पाय दाखवत होत्या. या वेळी मध्येच त्या बोलायच्या थांबल्या. एकाच जागी मशीन फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "पाणी पिऊन, जरा चालून या." मी तीनदा चालून आले. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा त्यांनी खोलीतल्या मुलीला बाहेर पाठवलं, तेव्हाच मला कळलं.

बाळाचा पाठीचा कणा कंबरेपाशी बंद झालेला नाही. तिथून मज्जारज्जूसकट एक पिशवी बाहेर आली आहे. रिपोर्टात मेनिंगोमायलोसील असा शब्द आहे. डोक्यातही पाणी साठायला लागलंय. डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या, "बाळ जगणार नाही असं मी सांगणार नाही. जगेल. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत पाठीचं ऑपरेशन, बहुतेक डोक्यात शंट, म्हणजे साठलेलं पाणी काढून द्यायची नळी. कॅलिपर लावून चालेल, नाहीतर व्हीलचेअर. लघवी आणि शीवर ताबा बहुधा नसेल. बुद्धी चांगलीही असू शकते." आणि मग, "निर्णय तुमचा. पण लांबवू नका."

जगणार नाही असं त्या म्हणाल्या असत्या तर मी रडले असते आणि सही केली असती. हे "जगेल, पण" मला गिळताही येत नाही आणि टाकताही येत नाही.

सासूबाई सकाळी म्हणाल्या, देवाच्या कामात आपण हात घालू नये. दुपारी म्हणाल्या, पण तू शाळेत गेल्यावर त्याच्याकडे बघणार कोण, माझे गुडघे हे असे. आई फोनवर म्हणाली, मोकळी हो, आपोआप पडलं म्हणून सांगू. नवरा म्हणतो, "तू म्हणशील ते." तो मनापासून म्हणतो, मला माहीत आहे, पण ते ऐकलं की वाटतं, हा मधल्याच स्टॉपवर उतरून गेला आणि गाडीत मी एकटी राहिले.

आणि दादा. माझा आतेभाऊ. दीड वर्षाचा असताना त्याला पोलिओ झाला, एक पाय काठीसारखा. स्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. मला गणित त्याने शिकवलं, डी.एड.चा फॉर्म त्याने भरला, माझ्या लग्नात सगळा हिशोब त्याच्याकडे होता. रविवारी त्याला सांगितलं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "म्हणजे पाय चालणार नाहीत म्हणून?" मी नुसती बसून राहिले. चहा गार झाला.

कुणाचं आयुष्य जगण्यासारखं आणि कुणाचं नाही, हे ठरवणारी मी कोण? की माझा प्रश्नच चुकतोय? आणि एक व्यवहाराचं. इथल्या एका हॉस्पिटलात फोन केला तर म्हणाले, बारा आठवड्यांच्या पुढचं आम्ही करतच नाही, भानगड नको. म्हणजे हे बेकायदा आहे का?

जुनी_सिस्टर | बुधवार, पहाटे ५.५०

बाळ, आधी व्यवहाराचं सांगते, कारण तुझ्याकडे दिवस थोडे आहेत. सरकारी रुग्णालयात प्रसूती विभागात सत्तावीस वर्षं काढली, त्यातलं हे.

बेकायदा अजिबात नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ मध्ये तो बदलला आणि त्या सप्टेंबरपासून बदललेला कायदा लागू झाला. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये काही ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि बाळात गंभीर व्यंग असणं हे त्यातलं एक कारण आहे. चोवीसच्या पुढे गेलं आणि व्यंग मोठं असेल, तर राज्य सरकारने नेमलेलं वैद्यकीय मंडळ बघतं. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत त्यांनी मत द्यायचं असतं. तुला तिथवर जायची वेळ येऊ नये म्हणून म्हणते, घाई नको पण उशीरही नको.

सही फक्त तुझी. सज्ञान बाईच्या बाबतीत नवऱ्याची, सासूची, कुणाचीच संमती कायद्याला लागत नाही. हॉस्पिटलवाले सवयीने नवऱ्याची मागतात. तुझा नवरा देईलही, पण ती अट नाही हे तुला माहीत असू दे. तुझं नाव गुप्त ठेवणं हेही त्यांच्यावर बंधनकारक आहे.

त्या फोनवरच्या माणसाचं म्हणशील, तर मी हे फार पाहिलंय. लिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, तो वेगळा. आपल्या राज्यात तर त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, तसा कायदा झाला होता. त्याची गरज होती आणि आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या, ते आकडे वाचून मी रात्रभर झोपले नव्हते. पण पुढे झालं असं की धाडींच्या भीतीने कितीतरी डॉक्टरांनी बारा आठवड्यांनंतरचं काम सोडूनच दिलं, आणि ज्यांचं कारण शंभर टक्के कायद्यात बसतं अशा बायकाही दारोदार फिरतात. म्हणून लहान दवाखाने सोड. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा मान्यता असलेलं मोठं केंद्र बघ.

ठरवण्याआधी दोन माणसांना भेट. गर्भाच्या सोनोग्राफीतला तज्ज्ञ, म्हणजे फट नेमकी कितव्या मणक्याशी आहे ते पक्कं होईल. पायांचं बरंच काही त्यावर ठरतं. आणि लहान मुलांचा न्यूरोसर्जन. त्याला नुसतं "काय होईल" असं विचारू नकोस. "तुमच्याकडे येणारी दहा वर्षांची मुलं कशी आहेत" असं विचार.

हा दोष तुझ्या कुठल्या चुकीने झालेला नाही. ही नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटायची असते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुढे कधी मूल हवं असेल तर गर्भ राहायच्या आधीपासून फॉलिक ॲसिडच्या जास्त ताकदीच्या गोळ्या लागतील, तेव्हा डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखव. तो फाडून टाकू नकोस.

पानमळा_वसई | बुधवार, सकाळी ९.१५

ताई, मी कॅथलिक आहे आणि माझं मत लपवत नाही. गर्भ राहिला त्या क्षणापासून तो जीव आहे असं मी मानते. तुला दोष द्यायला लिहीत नाहीये. माझ्या बहिणीचा मुलगा डाऊन सिंड्रोमचा, एकवीस वर्षांचा आहे. रोज संध्याकाळी तो आजोबांना हाताला धरून चर्चला नेतो. त्याच्या जन्माआधी कुणी कागदावर त्याचं आयुष्य लिहून दिलं असतं, तर त्यात ही संध्याकाळ नसती. जगणं कितपत चांगलं होईल हे मोजायला बसलं की पट्टी कुठे थांबवायची हे मला कळत नाही. एवढंच. तुझ्यासाठी प्रार्थना करते, तू काहीही ठरवलंस तरी करीन.

पर्वती_पायथा | बुधवार, दुपारी १.३०

मी ४१ वर्षांचा, लहानपणापासून व्हीलचेअरवर. बँकेत नोकरी, पुण्यात स्वतःचं घर. तुमच्या दादांनी जो प्रश्न विचारला तो मी आयुष्यभर विचारत आलोय, म्हणून लिहितो.

गर्भपाताच्या हक्काला माझा पूर्ण पाठिंबा आहे. बाईचं शरीर तिचं आहे, बस. माझा त्रास दुसऱ्या गोष्टीचा आहे. चोवीस आठवड्यांनंतर आईचा जीवच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, पण ते सोडलं तर कायदा दार उघडतो तो फक्त बाळात मोठं व्यंग असेल तर. ऑक्टोबर २०२३ मधलं सर्वोच्च न्यायालयाचं प्रकरण आठवा. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर उपचार चालू, सव्वीस आठवडे उलटून गेलेले, आणि ती सांगत होती की मला तिसरं झेपणार नाही. तिला नकार मिळाला. तिच्या जिवाला तातडीचा धोका नाही आणि बाळात दोष नाही, म्हणून. याच बाळाच्या पाठीत फट असती तर तिचा अर्ज मंडळापुढे तरी गेला असता. म्हणजे बाई थकून मोडली हे कारण पुरत नाही, पण बाळ माझ्यासारखं निघालं हे पुरतं. तो निकाल वाचल्यावर मी दोन दिवस कुणाशी नीट बोललो नव्हतो.

आणि हक्क दुसऱ्या बाजूनेही असतो. २००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या एका बौद्धिक अपंग मुलीवर बलात्कार झाला, तिला गर्भ राहिला, आणि उच्च न्यायालयाने तिचा गर्भपात करा असं सांगितलं. तिला बाळ हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिगत स्वातंत्र्याचा भाग आहे असं सांगितलं, आणि तो हक्क तिलाही आहे असं मानलं. पुढे गर्भपाताच्या बाजूने जे जे निकाल आले, त्यातल्या कित्येकांनी ज्या निकालाचा आधार घेतला, तो एका अपंग मुलीच्या "मला ठेवायचंय" यावरचा आहे. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

ताई, तुम्ही काय करावं हे मी सांगणार नाही. फक्त एक विनंती. जे कराल ते "अशा मुलाचं आयुष्य काय कामाचं" असं म्हणून करू नका. तसं घरात कुणी म्हणालं तर त्यालाही थांबवा. तुमची लेक ऐकत असते. तुमचा दादाही ऐकतो.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०.०५

पोरी, मी मिरजेची. वय अठ्ठावन्न. दुपारपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. आज लिहितेच.

माझा थोरला १९९५ मध्ये जन्मला, पाठीवर लिंबाएवढी पिशवी घेऊन. तेव्हा सोनोग्राफी झाली होती, पण "सगळं ठीक" म्हणून दोन ओळी लिहून दिल्या होत्या. सहाव्या दिवशी मुंबईत ऑपरेशन झालं, महिन्याने शंट. तू जो रिपोर्ट धरून बसली आहेस ना, ते सगळं मी तीस वर्षं हातांनी केलंय, म्हणून तुला कागदावरचं नाही, घरातलं सांगते.

दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची. रात्रीसुद्धा. नळी उकळायची, वाळवायची, स्वच्छ फडक्यात गुंडाळायची. चुकलं तर ताप, आणि ताप किडनीत गेला तर दवाखाना. शाळेत घालायला गेले तर मुख्याध्यापक म्हणाले घरीच शिकवा. मी उंबऱ्यात बसून राहिले. शेवटी घेतलं, पण अकरा वाजता आणि दुपारी दोन वाजता आईने येऊन करायचं या अटीवर. दहा वर्षं मी रोज दोनदा शाळेत गेले. तालुक्याच्या कचेरीतली नोकरी त्यातच गेली. त्याला कंबरेखाली कळत नाही. एकदा चुलत्याच्या मोटरसायकलवर बसला आणि सायलेन्सरला पोटरी चिकटली, कातडं जळल्याचा वास आला तेव्हा आम्हाला कळलं. त्याला नाही कळलं. चौथ्या वाढदिवसाला फुगा फुगवला आणि ओठ सुजून डोळे मिटले. रबराची ॲलर्जी या मुलांना पुष्कळदा असते हे तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे चार वर्षं मी ज्या नळ्या उकळत होते त्या रबरीच होत्या. शंट तीनदा बंद पडला. उलट्या, डोकं धरून रडणं, डोळे खाली वळलेले. एकदा रात्री गाडी मिळेना म्हणून भाजीच्या टेम्पोत पुढे बसून पुण्याला नेलं.

आणि आता हेही ऐक. तो तंबोऱ्यांच्या कामात आहे. मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्याचे वडील भोपळा कापायचे, तुंबा बसवायचे, हा जवारी काढतो, म्हणजे तारेचा आवाज घुमावा म्हणून घोडी घासतो. घोडीच्या हाडावर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत फिरवायची. तासन्‌तास एका जागी बसून करायचं काम, आणि त्याचा कान असा आहे की लांबलांबचे गाणारे लोक त्याच्याकडूनच जवारी करून मागतात. संध्याकाळी खोलीत चार तंबोरे लावलेले असतात तेव्हा मी स्वयंपाकघरातला गॅस बंद करून उभी राहते. या आयुष्याची प्रत काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्याला त्या खोलीत नेऊन बसवीन.

एवढं वाचून तुला वाटेल, ही बाई ठेव म्हणून सांगणार. थांब.

१९९९ मध्ये मला परत दिवस राहिले. एक असं मूल झालं की पुन्हा तसंच व्हायची शक्यता शंभरात दोन-चार असते, इतरांपेक्षा खूप जास्त. त्या फॉलिकच्या गोळ्यांचं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगलीला सोनोग्राफी केली, सतरा आठवडे भरत आले होते. तीच फट. तेव्हा कायदा वीस आठवड्यांचा होता. मी अठराव्या आठवड्यात दाखल झाले आणि मोकळी झाले. माझ्या आईला सोडून कुणाला सांगितलं नाही.

कितीतरी वर्षं मला वाटायचं की मी थोरल्याशी लबाडी केली. त्याला मांडीवर घेऊन नळी घालताना वाटायचं, याच्यासारख्याच एकाला मी नको म्हटलं. आपण कुणाला तरी दोन तराजूंत तोललंय असं वाटायचं. देवळात जायचं बंद केलं होतं मी.

२००८ च्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर तो मुंबईचा खटला आला. निकेता मेहता आणि तिचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते. बाळाच्या हृदयात दोष, वीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेलेली. न्यायालयाने नाही म्हटलं. थोड्याच दिवसांत तिचा गर्भ आपोआप गेला. त्या दिवसांत आमच्या गल्लीत, दुकानात, सगळीकडे एकच चर्चा: बाळ जगेल का, पेसमेकरवर किती वर्षं काढेल, आई एवढी निष्ठुर कशी. ती रात्री उठणार कितीदा, हे कुणी विचारत नव्हतं. माझी नणंद म्हणाली, "बघ, तू कसं वाढवलंस, आणि या बाया." मला राहवलं नाही. मी तिला नव्याण्णव सालचं सांगून टाकलं. थोरला आतल्या खोलीत होता. तेरा वर्षांचा.

त्याने सगळं ऐकलं होतं. रात्री नळीच्या वेळी विचारलं, "माझ्यासारखं होतं म्हणून?" तुझ्या दादाचाच प्रश्न बघ. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "तुझं दिवसात सहा वेळा करते. अजून एकाचं सहा वेळा. नोकरी गेलेली, बाबांना दिवसाच्या मजुरीवर पैसे. तुझा शंट बंद पडला आणि त्याचाही त्याच रात्री पडला तर मी कुणाला उचलू? मला हात दोनच आहेत रे." तो बराच वेळ गप्प होता. नळी धुऊन आणली तेव्हा म्हणाला, "मग तू ते फटीमुळे नाही केलंस. हातांमुळे केलंस."

पोरी, तू विचारलंस ना, प्रश्नच चुकतोय का. मला वाटतं हो. त्या बाळाचं जगणं कसं होईल हे तू, मी, दोन डॉक्टर, कुणीच सांगू शकत नाही. माझ्या थोरल्याचं कुणाला सांगता आलं होतं? तुला जे माहीत आहे ते तुझ्या घराचं आहे. रात्री कोण उठणार, शाळेत दोन वाजता कोण जाणार, पगार एक की दोन, पाच वर्षांच्या लेकीच्या वाट्याला आई किती येणार. ते मोज. ते मोजायचा हक्क तुझा आहे. आणि मोजून "माझ्याच्याने होईल" असं आलं तर ठेव, मी तुला नळी घालायची कशी ते व्हिडिओवर शिकवीन, आता सिलिकॉनच्या मिळतात. नाही आलं तर त्यात त्या जिवाचा अपमान नाही.

२०२३ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयापुढे एक बाई आली होती, आठ महिने होत आलेले, बाळाच्या डोक्याची वाढ नीट नाही. मंडळाचं मत तिच्या विरुद्ध होतं. न्यायमूर्ती गौतम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की निवड करायचा हक्क त्या बाईचा आहे, मंडळाचा नाही. थोरल्याने ते मला मोबाइलवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आई, आता जा देवळात." मी गेले.

पर्वतीवाल्या दादांचं दुःख मला समजतं. कायद्याने बाईच्या हातांकडे बघायला हवं, तो बाळाच्या पाठीकडे बघतो. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. पण या पोरीकडे आज जो कायदा आहे तोच आहे.

आणि तुझ्या नवऱ्याला सांग, "तू म्हणशील ते" पुरत नाही. त्याला विचार, रात्रीच्या दोनच्या नळीला तू उठशील का, सेकंड शिफ्ट सोडशील का. तो काय म्हणतो त्यावरून तुझी अर्धी मोजणी होईल.

रानजाई | शनिवार, सायंकाळी ६.२०

काल पहाटे मुंबईला गेलो होतो, दोघंही. फट तिसऱ्या कंबरेच्या मणक्यापासून आहे हे पक्कं झालं. न्यूरोसर्जनच्या बाहेर बाकावर एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. मी का आलेय हे तिला कळलं असावं. तिने काही न बोलता पिशवी उघडून दाखवली. नळ्या, जेली, लंगोट, कपड्यांचे दोन जोड, आणि एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्या ऑपरेशनांचे कागद. मुलगी कॅलिपर काढून पाय बाकावर ठेवून चित्र रंगवत होती. ती बाई म्हणाली, "आम्ही एकत्र कुटुंबात आहोत, सहा माणसं आहेत, म्हणून होतं."

परत येताना गाडीत नवऱ्याला कृष्णाकाठ मावशींचा प्रश्न विचारला. त्याने कसाऱ्यापर्यंत उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "शिफ्ट सुटली तर नोकरी सुटेल. मी उठेन असं आज म्हणेन, पण सहा महिन्यांनी उठेनच असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही." मला बरं वाटलं. या आठवड्यातलं पहिलं खरं वाक्य होतं ते. मी त्याचा हात धरला.

आम्ही ठरवलंय. सोमवारी दाखल व्हायचं. दोन्ही डॉक्टरांचं मत झालंय, सही मी केली.

आज सकाळी दादाकडे गेले. म्हटलं, पाय नाही दादा, हात. मिरजेच्या मावशींनी लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. तो मशीनकडे तोंड करून उभा होता, वळला नाही. मी निघाले तेव्हा एक कागद पुढे केला. माझ्या रजेचा अर्ज. टाइप करून, प्रिंट काढून, फक्त सहीची जागा मोकळी. कारणाच्या जागी "वैद्यकीय".

सासूबाई अजून बोलत नाहीत. वसईच्या ताई, तुमचं पटलं नाही, पण प्रार्थना करा.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एकविसाव्या आठवड्यातही दूध येतं का? आणि लेकीला काय सांगू? तिने शाळेत सगळ्यांना बाळ येणार म्हणून सांगून ठेवलंय.

जुनी_सिस्टर | शनिवार, सायंकाळी ७.००

येऊ शकतं. दोन-तीन दिवसांनी छाती भरून येते, आणि त्याची कल्पना नसली की बाई त्याच क्षणी कोसळते. म्हणून डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांना दूध थांबवायची गोळी माग. विसरतात ते, तू विसरू नकोस. घट्ट फडकं बांधू देऊ नकोस कुणाला, व्यवस्थित बसणारी ब्रा घाल, गार पाण्याची पट्टी ठेव, आणि दाबून काढू नकोस, नाहीतर अजून येतं.

पोटावर टाके नसतात. गोळ्यांनी कळा आणतात, वेळ लागतो, कधी दिवसभर. दुखण्यावर औषध माग, सोसायचं काही कारण नाही. बाळ बघायचं की नाही हे आत्ताच दोघांनी बोलून ठेवा आणि नर्सला आधी सांगा. दोन्हीपैकी काहीही केलंत तरी चालतं. घरी आल्यावर खूप रक्त जायला लागलं किंवा ताप आला तर थांबायचं नाही, सरळ परत जायचं.

रजेचं. मातृत्व लाभाच्या १९६१ च्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा होती, २०२५ च्या नोव्हेंबरपासून तीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. तुझ्या शाळेला ती लागू होते का ते दादाला बघायला सांग. अर्ज त्याने केलाच आहे, तर तेवढी एक ओळ त्यात घालायला सांग.

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९.३०

लेकीला खरं सांग, तिच्या मापाचं. बाळाची पाठ नीट तयार झाली नव्हती, म्हणून ते येणार नाही. "देवाने नेलं" म्हणू नकोस, पोरं मग देवाला घाबरतात. "झोपलं" तर मुळीच म्हणू नकोस. आणि शाळेतल्या बाईंना तूच आधी सांगून ठेव, म्हणजे तिला वर्गात कुणी विचारणार नाही.

सोमवारी मी दिवसभर इथे आहे. मधे केव्हाही लिही. थोरला म्हणालाय, मोबाइल तोच बघत बसेल, मला चष्मा लावून नीट दिसत नाही.